हा फोटो खरा आहे का?



आकाशाचे फोटो आता घरोघरी पोहोचले आहेत. कॅलेंडरवर, शाळेच्या पुस्तकात, मोबाईलवर, जिकडे तिकडे गुलाबी-निळे तेजोमेघ, चक्रासारख्या दीर्घिका, कडी घातलेला शनी आणि शेपूट पसरलेला धूमकेतू दिसतो. हे फोटो काढणारे सगळेच मोठ्या वेधशाळेतील शास्त्रज्ञ नसतात. बँकेत, शाळेत, कारखान्यात नोकरी करणारी साधी माणसे रात्री गच्चीवर किंवा गावाबाहेरच्या माळावर दुर्बीण लावतात, तिला कॅमेरा जोडतात आणि पहाटेपर्यंत जागतात. आपल्याकडेही हा छंद आजचा नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ साली स्थापन झाली, आणि मुंबईचे खगोल मंडळ गेली कित्येक वर्षे वांगणीच्या अंधारात लोकांना आकाश दाखवीत आले आहे. आमच्या धर्मग्रामातील एका युवकालाही हे वेड लागले आहे. त्याचे फोटो पाहणारा प्रत्येक जण त्याला एकच प्रश्न विचारतो, "हे असं खरंच दिसतं का?" तो प्रामाणिकपणे "नाही" म्हणतो, आणि मग लगेच दुसरा प्रश्न येतो, "म्हणजे हे कॉम्प्युटरवर बनवलेलं?"

प्रश्न साधा आहे. पण तो आम्हाला गेले काही महिने सतावतो आहे, कारण तो फक्त आकाशाचा नाही. एखादी प्रतिमा खरी आहे असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणत असतो?

पहिला गैरसमज आधी दूर करू. मृग नक्षत्रातील मोठा तेजोमेघ दुर्बिणीतून पाहिला तर राखाडी, फार तर किंचित हिरवट धुक्यासारखा दिसतो. फोटोत तो लाल-गुलाबी येतो. मग खरे कोण, डोळा की कॅमेरा? चांदण्या रात्री अंगणात जाऊन पाहा. दिवसा लालभडक असलेली जास्वंद काळपट दिसेल. फुलाने काही रंग टाकलेला नसतो. अंधुक उजेडात रंग ओळखणे आपल्या डोळ्यांना जमत नाही, इतकेच. शिवाय डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही. जे आले ते क्षणभर पाहिले आणि पुसले. कॅमेरा मात्र तासन्‌तास थेंब थेंब साठवतो. त्या तेजोमेघातील हायड्रोजन खरोखरच लाल प्रकाश फेकतो. तो प्रकाश तेराशेहून अधिक वर्षे प्रवास करून आपल्या गच्चीवर पोहोचतो, आपल्या डोळ्यांत शिरतोही, पण आपल्याला त्याचा रंग कळत नाही. तेव्हा डोळ्यांना दिसते तेवढेच खरे हा नियम येथे चालणार नाही. तो कुठेच फारसा चालत नाही.

या तेजोमेघाचा पहिला फोटो अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेतलेल्या हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी काढला. त्यासाठी त्यांना ५१ मिनिटे काच उघडी ठेवावी लागली. आजचा हौशी माणूस असे एकच लांबलचक छायाचित्र घेत नाही. तो तीन-तीन, पाच-पाच मिनिटांचे शेकडो फोटो घेतो आणि संगणकावर ते एकावर एक रचतो. हे ऐकले की लोकांना हातचलाखीचा संशय येतो. पण त्यामागचा विचार पाहा. आपल्या चर्चमध्ये शंभर माणसे एकत्र प्रार्थना म्हणतात, तेव्हा कोणी खोकतो, कुणाचे मूल रडते, कोणी एक शब्द मागे राहतो. तरी बाहेर उभ्या असलेल्या माणसाला प्रार्थना स्पष्ट ऐकू येते, कारण खोकला दर वेळी वेगळ्या जागी येतो आणि प्रार्थनेचे शब्द मात्र तेच असतात. फोटोंचेही तसेच आहे. कॅमेऱ्याची खरखर प्रत्येक फोटोत वेगळी असते, तारा मात्र तिथेच असतो. शंभर फोटो एकत्र केले की ती खरखर ताऱ्याच्या तुलनेत सुमारे दहा पटींनी कमी होते. यात काही घातले जात नाही. जे होते तेच वर येते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचे एक मत आमच्या मनात ठसले. सत्य म्हणजे बुद्धी आणि वस्तू यांचा मेळ. म्हणून खरे-खोटेपणाचा खरा मुक्काम आपण वस्तूविषयी जो निर्णय करतो त्या निर्णयात असतो. ग्लासातील पाण्यात काठी वाकडी दिसते. डोळा आपल्याकडे आलेल्या प्रकाशाचीच वार्ता देतो. "काठी वाकडी आहे" असा निर्णय आपण करतो, आणि चूक तेथे शिरते.

याचे उत्तम उदाहरण आकाशानेच दिले आहे. आयझॅक रॉबर्ट्स हे इंग्लंडमधील बांधकाम व्यावसायिक. आकाशाचे फोटो काढणे हा त्यांचा छंद. १८८८ साली त्यांनी देवयानी तारकासमूहातील तेजोमेघाचा फोटो घेतला, आणि त्यात प्रथमच त्याचे चक्राकार वळसे स्पष्ट दिसले. डोळ्याला दुर्बिणीतूनही ते तसे कळले नव्हते. फोटो निर्दोष होता. पण तो पाहून त्या काळच्या जाणकारांना वाटले की वायूच्या ढगातून एक नवी सूर्यमाला घडत आहे. पुढे १९२०च्या दशकात एडविन हबल यांनी दाखवून दिले की ती आपल्या आकाशगंगेच्या पलीकडची एक स्वतंत्र दीर्घिका आहे. आज तिचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते. फोटो तोच राहिला, अर्थ बदलला. रॉबर्ट्स यांच्या फोटोने कधीही खोटे सांगितले नव्हते. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माणसांनी स्वतःच घाईने दिले होते.

आता जरा अवघड भागाकडे येऊ. हबल दुर्बिणीचा १९९५चा तो प्रसिद्ध फोटो आपण सर्वांनी पाहिला असेल, ज्यात धुळीचे तीन उंच खांब दिसतात. त्यातील रंग निसर्गातले नाहीत. गंधकाच्या प्रकाशाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलेला आहे. खरे तर हायड्रोजन आणि गंधक या दोघांचाही तो प्रकाश लालच असतो. हौशी मंडळी हीच रंगपद्धत हौसेने वापरतात. लाल असलेल्या वस्तूला हिरवे दाखवले, हे खोटे नव्हे काय?

संत ऑगस्टीन यांनी खोटे बोलण्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. चुकीचे बोलणे आणि खोटे बोलणे यांत ते फरक करतात. फसवण्याचा हेतू असेल तेथे खोटेपणा येतो. नकाशावर रेल्वेमार्ग काळा आणि नदी निळी दाखवतात म्हणून वैतरणेचे पावसाळ्यातले गढूळ पाणी कोणी निळे समजत नाही. रंग ही तेथे भाषा आहे, आणि बोलणाऱ्याला व ऐकणाऱ्याला दोघांनाही ती ठाऊक आहे. तेजोमेघाच्या फोटोखाली कोणता रंग कशासाठी हे लिहिले असेल, तर तो नकाशाइतकाच प्रामाणिक. लिहिले नसेल तर? तर तो खोटा होत नाही, पण पाहणाऱ्याला वाऱ्यावर सोडतो. आमच्या मते ही उणीव किरकोळ नाही, कारण जाणकार मंडळी आपल्याला ठाऊक आहे ते सर्वांना ठाऊक आहे असे फार सहज गृहीत धरतात. (आम्ही धर्मगुरूही प्रवचनात हेच करतो, असे कोणी म्हटले तर आमच्याकडे उत्तर नाही.)

फोटोवर लोक किती विश्वास टाकतात याची एक गंमत सांगतो. ३१ जुलै २०२२ रोजी फ्रान्सचे भौतिकशास्त्रज्ञ एतिएन क्लैन यांनी एक लालसर, ठिपकेदार गोळ्याचा फोटो ट्विटरवर टाकला. हा प्रॉक्झिमा सेंटॉरी तारा असून नव्या वेब दुर्बिणीने टिपला आहे, असे त्यांनी लिहिले. असंख्य लोकांनी वाहवा केली. प्रत्यक्षात ती चोरिझोची चकती होती, म्हणजे गोव्याच्या आपल्या चोरिसच्या स्पॅनिश भावंडाची. नंतर त्यांनी तो विनोद असल्याचे सांगून दिलगिरी व्यक्त केली. फोटोत काडीचाही बदल केलेला नव्हता. खोटे होते ते फक्त खाली लिहिलेले वाक्य. उलट त्या खांबांच्या फोटोत सगळे रंग दिलेले आहेत आणि तरी तो खरा आहे. म्हणून "यावर कॉम्प्युटरचा हात फिरला आहे का?" या प्रश्नाने आपण कुठेच पोहोचत नाही.

मग प्रश्न कोणता विचारावा? आम्हाला वाटते, तपशील आला कोठून, हे विचारावे. २०२३ साली एका नामांकित मोबाईलविषयी जगभर चर्चा झाली. कोणीतरी चंद्राचा मुद्दाम पुसट केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर ठेवला आणि त्याचा फोटो त्या मोबाईलने काढला, तर त्यात विवरे, डाग सारे स्वच्छ उमटले. समोर नसलेला तपशील यंत्राने स्वतःच्या आठवणीतून भरला होता. यावर कोणी म्हणेल, बिघडले काय? चंद्र तर तसाच आहे. अगदी बरोबर. पण कोर्टात साक्षीदार उभा राहतो आणि "मी पाहिले" म्हणतो, तेव्हा त्याने खरोखर पाहिलेले असावे लागते. शेजाऱ्याकडून ऐकलेले त्याने पाहिले म्हणून सांगितले, आणि ते योगायोगाने खरे निघाले, तरीही ती खोटी साक्षच. आठव्या आज्ञेचा विचार करताना आपण बहुधा खोट्या मजकुराचाच विचार करतो. पाहिल्याचा खोटा आव आणणे हे त्याच आज्ञेत येते, हे आपल्या लक्षात येत नाही.

यात केवळ तत्त्वाचा प्रश्न नाही. अँथनी वेस्ली हे ऑस्ट्रेलियातील मरमबेटमन गावचे हौशी निरीक्षक. १९ जुलै २००९च्या रात्री ते आपल्या साडेचौदा इंची दुर्बिणीने गुरू ग्रहाचे फोटो घेत होते. गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ त्यांना एक काळा डाग दिसला. तेथे डाग असण्याचे काही कारण नव्हते. त्यांनी तो पुसला नाही, दुर्लक्षिलाही नाही. गुरूबरोबर तो फिरतो आहे याची खात्री केली आणि जगभर कळवले. दुसऱ्याच दिवशी हवाई बेटावरील नासाच्या दुर्बिणीने दुजोरा दिला. गुरूवर काहीतरी आदळले होते, आणि त्याची जखम पॅसिफिक महासागराएवढी होती. आता कल्पना करा की वेस्ली यांच्या कॅमेऱ्यात गुरू कसा दिसतो हे आधीच ठाऊक असलेले यंत्र बसवलेले असते. त्याने तो डाग साफ करून दिला असता आणि एक देखणा, गुळगुळीत, अपेक्षेप्रमाणे असलेला गुरू हाती ठेवला असता. अपेक्षित तेच सांगणारा साक्षीदार कोणत्या कामाचा?

साक्षीचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. १८ जुलै १८६०च्या खग्रास सूर्यग्रहणाचे फोटो स्पेनमध्ये दोघांनी काढले. एक होते येशूसंघीय फादर अँजेलो सेकी, दुसरे इंग्लंडचे छपाई व्यावसायिक वॉरन द ला र्‍यू. दोघांच्या जागा एकमेकींपासून शेकडो किलोमीटर दूर होत्या. ग्रहणात सूर्याच्या कडेला लाल ज्वाळा दिसतात, त्या खरोखर सूर्याच्या आहेत, चंद्राच्या आहेत की नुसता दृष्टिभ्रम, असा तेव्हा वाद होता. दोघांचे फोटो ताडून पाहिले तर ज्वाळा त्याच. त्या सूर्याच्याच हे ठरले. एकाच्या शब्दावर निकाल नको, दोन साक्षीदार हवेत, हा पवित्र शास्त्रातला जुना नियम काचेच्या तबकड्यांवर असा उतरला.

हौशी मंडळी आजही तो पाळतात. फ्रान्सचे यान सँती, झाविए स्ट्रॉटनर आणि जर्मनीचे मार्सेल ड्रेक्स्लर या तिघांनी २०२२ साली देवयानी दीर्घिकेवर शंभराहून अधिक तास कॅमेरा रोखला. ऑक्सिजनचा प्रकाश तेवढा वेगळा काढला, तेव्हा दीर्घिकेच्या बाजूला एक निळा कमानीसारखा पट्टा दिसू लागला. तो आकाशात पौर्णिमेचे तीन चंद्र ओळीने ठेवावेत इतका लांब आहे. ज्या दीर्घिकेचे फोटो रॉबर्ट्स यांच्यापासून लोक काढत आले, तिच्या शेजारी एवढे मोठे काही असून कोणाला दिसले नव्हते. त्यांनी पहिला संशय घेतला तो स्वतःवर. भिंगातील परावर्तन तर नव्हे? दुसऱ्या दुर्बिणींनी, दुसऱ्या कॅमेऱ्यांनी, दुसऱ्या माणसांनी तेच पाहिल्यावर २०२३च्या आरंभी हा शोध प्रसिद्ध झाला. हा पट्टा दीर्घिकेजवळचा की आपल्याच आकाशगंगेतला, यावर मतभेद झाले, आणि अलीकडचे संशोधन त्याला आपल्या आकाशगंगेतलाच मानते. म्हणजे पुन्हा तेच, साक्ष पक्की आणि अर्थ लावण्याचे काम चालू.

हे सारे ऐकायला बरे वाटते. प्रत्यक्षात प्रामाणिक फोटो काढणाऱ्याच्या वाट्याला काय येते, ते आपल्याच गावात दिसले. २०२४च्या ऑक्टोबरात त्सुचिन्शान-ॲटलास नावाचा धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसत होता. आमचा हा युवक ढगांनी दोन-तीन संध्याकाळी वाया घालवल्यावर एकदाचा समुद्रकिनाऱ्यावरून त्याचा फोटो घेऊन आला. क्षितिजावरच्या धुरकट लालीत एक फिकट रेघ, बस्स. त्याच आठवड्यात मोबाईलवर दुसरा एक फोटो फिरू लागला. त्यात आपल्या चर्चच्या मनोऱ्यावर झगझगीत धूमकेतू आणि निम्म्या आकाशावर पसरलेली शेपूट. चर्चचा तो दर्शनी भाग दिसावा म्हणून रस्त्यावर उभे राहिले तर तोंड पूर्वेला होते, आणि धूमकेतू तर मावळतीला. कोणाच्या ध्यानात आले नाही. तो फोटो घराघरांत गेला. काहींनी तो दैवी आशीर्वादाचे चिन्ह म्हणून पुढे पाठवला. आणि मुलाच्या फोटोवर कोणीतरी लिहिले, "कॅमेरा बदल."

ज्याने तो जोडफोटो केला त्याच्या मनात पाप असेल असे आम्ही म्हणत नाही. चर्चवरच्या प्रेमापोटीच केला असेल. पण त्याने केलेले नुकसान मोजून पाहा. आपल्या लोकांना धूमकेतू किती फिका, किती दूर, किती हळवा असतो हे पाहण्याची एक संधी होती, ती गेली. पुढच्या वेळी खरा धूमकेतू पाहून ते म्हणतील, "एवढाच?" सुंदर खोट्याची झळ अशी खऱ्याला लागते. आणि देवाच्या महिमेसाठी खोट्याची मदत घ्यावी लागते असे ज्याला वाटते, त्याने त्या महिमेला फारच दुबळे समजले आहे.

यावर एका मावशींनी आम्हाला निरुत्तर केले, हेही सांगायला हवे. त्यांचे यजमान वारले तेव्हा महिन्याच्या मिस्साच्या कार्डासाठी घरात धड फोटो नव्हता. स्टुडिओवाल्याने रेशनकार्डाच्या कामासाठी काढलेल्या फोटोवर कोट-टाय चढवून दिला. "फादर, ह्यांनी जन्मात कोट घातला नाही. मग ते कार्ड पण खोटं का?" आम्ही थोडा वेळ गप्प राहिलो. ते कार्ड पाहून कोणाची फसवणूक झाली नाही; वाडीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते की तो माणूस लुंगी-बनियनवर शेतात राबला. कोट हा त्याच्याविषयीच्या आदराचा शब्द होता, नकाशावरच्या निळ्या नदीसारखा. पण पन्नास वर्षांनी पणतू ते कार्ड हाती घेईल, तेव्हा त्याला सांगणारे कोणी नसेल. मावशींना आम्ही कार्डाच्या मागे दोन ओळी लिहून ठेवायला सांगितले. त्या हसल्या. लिहिल्या की नाही, ठाऊक नाही.

अशा दोन ओळी लिहिण्याच्या कामात आपल्या धर्मभगिनी पूर्वीच खपल्या आहेत. सर्व आकाशाचे फोटो घेऊन ताऱ्यांची यादी करण्याचा मोठा आंतरराष्ट्रीय प्रकल्प १८८७ साली पॅरिसमध्ये ठरला, आणि व्हॅटिकनच्या वेधशाळेने त्यातला आपला वाटा उचलला. १९१० ते १९२१ या काळात चार धर्मभगिनींनी त्या काचेच्या तबकड्या एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या आणि ४,८१,२१५ ताऱ्यांच्या जागा व तेज मोजून नोंदवले. त्यांची नावेही बराच काळ कोणाला ठाऊक नव्हती. ती २०१६ मध्ये प्रकाशात आली. एमिलिया पोंझोनी, रेजिना कोलोंबो, कोंचेत्ता फिनार्दी आणि लुइजिया पांचेरी. कोणताही ठिपका देखणा नव्हता म्हणून त्यांनी वगळला नाही.

एक गोष्ट मात्र आमच्याही मनात अजून सुटलेली नाही. आजकाल फोटोतून कृत्रिम उपग्रहांच्या रेघा काढून टाकाव्या लागतात. २०१९ पासून त्यांची संख्या इतकी वाढली आहे की एकही रात्र कोरी जात नाही. रेघ एकाच फोटोत असते, म्हणून संगणक ती सहज वगळतो. तेजोमेघाची साक्ष द्यायची असेल तर हे योग्यच आहे. पण ती रेघ खरीच होती. आपण आकाशाचे काय करून ठेवले आहे, याचा तोच एक पुरावा होता, आणि सगळे फोटो स्वच्छ होऊन येत राहिले तर तो कोणाला दिसणारच नाही. हा पेच आम्ही त्या युवकापुढे मांडला. त्याने विचार केला आणि सांगितले की तो दोन्ही फोटो ठेवतो. सभागृहात लावायला त्याने तयार केलेला मृगातील तेजोमेघाचा मोठा फोटो आता आमच्या कार्यालयात आहे. त्याच्या शेजारी त्याच रात्रीचा, काहीही न केलेला, पाच मिनिटांचा एकच फोटो लहान चौकटीत आहे. तो राखाडी, खरखरीत असून त्यातून एक तिरपी पांढरी रेघ गेली आहे. खाली त्याच्या हस्ताक्षरात तारीख, जागा, एकूण फोटोंची संख्या आणि कोणता रंग कशाचा, हे मराठीत लिहिले आहे.